लॅपटॉप नको, पेटी हवी: डीजे सॉफ्टवेअर स्वतंत्र मिक्सिंग यंत्रात कसं बसवायचं

पहिली पेटी मी स्क्रीनपासून बांधायला घेतली होती. सात इंची टचस्क्रीन, तिच्यावर सरकणारे वेव्हफॉर्म (आवाजाचे आलेख), खाली रंगीत दिव्यांची बटणं. बघणारा विचारायचा, 'विकत घेतलीस का?' मी खूश. पण गाणं लावलं की साधारण दर मिनिटाला एकदा 'टक्' असा आवाज यायचा. तो 'टक्' शोधण्यात तीन आठवडे गेले आणि सापडला तेव्हा निम्मी पेटी उसवावी लागली.

म्हणून या लेखातला क्रम तेव्हाच्या माझ्या क्रमाच्या बरोबर उलटा आहे. आधी आवाज, मग वीज, मग हाताखालचे फेडर (सरकवायच्या खुंट्या) आणि जॉग (गाणं हाताने पुढे-मागे फिरवायची चकती), आणि स्क्रीन सगळ्यात शेवटी. सोल्डरिंग येतं आणि लिनक्सच्या टर्मिनलची भीती वाटत नाही, एवढं गृहीत धरतो.

बाजारातल्या तयार यंत्रांच्या पोटातही काही वेगळं नसतं. डेनॉनचं २०१९ सालचं प्राइम ४ घ्या. आत एआरएम प्रोसेसर, त्यावर लिनक्स आणि त्यावर एकच काम करणारं सॉफ्टवेअर. मालमसाला आपल्यालाही मिळण्यासारखाच आहे.

पायरी १: मिक्सिंग कुठे होणार ते कागदावर ठरवा

दोन रस्ते आहेत. पहिल्यात दोन्ही डेकचं (डेक म्हणजे एक गाणं वाजवणारा भाग) मिक्सिंग, इक्वलायझर, क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारा आडवा फेडर), सगळं सॉफ्टवेअरच्या आत होतं. पेटीतून बाहेर येतात दोन स्टिरिओ जोड्या: एक मुख्य आउटपुट, एक हेडफोन. तुमच्या हाताखालच्या फेडरमधून आवाज वाहतच नाही, तो नुसता आकडे पाठवतो. दुसऱ्या रस्त्यात प्रत्येक डेक साउंड कार्डातून वेगळा बाहेर पडतो आणि खऱ्या अॅनालॉग मिक्सरमध्ये एकत्र येतो. हा प्रकार ऐकायला झकास वाटतो, पण तीन बँडचा इक्वलायझर, हेडफोनचा अँप्लिफायर आणि न खरखरणारा क्रॉसफेडर हे सगळं तुम्हालाच घडवायचं असतं. पहिल्यांदा बांधत असाल तर पहिला रस्ता धरा.

दुसऱ्या रस्त्यातली एकच गोष्ट मात्र पहिल्यात जरूर घ्या. पेटीच्या मागे साडेतीन मिलिमीटरचं एक इनपुट ठेवा आणि दोन पोल, दोन थ्रोचा साधा यांत्रिक स्विच बसवा. स्विच एका बाजूला असला की साउंड कार्डाचा आवाज बाहेर जातो, दुसऱ्या बाजूला केला की थेट या इनपुटचा. सॉफ्टवेअर कोसळलं तर फोन लावायचा, स्विच फिरवायचा आणि निवांतपणे पेटी पुन्हा सुरू करायची. नाचणाऱ्यांना गाणं बदलल्याचं कळतं, पेटी बंद पडल्याचं नाही. हा स्विच प्रोसेसरवर किंवा रिलेवर सोपवू नका, कारण प्रोसेसर अडकला असेल तेव्हाच त्याची गरज पडणार.

पायरी २: कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर

सेराटो, रेकॉर्डबॉक्स आणि ट्रॅक्टर ही तिन्ही विंडोज आणि मॅकसाठी आहेत. त्यांपैकीच एखादं हवं असेल तर पेटीत इंटेलचा छोटा पीसी आणि विंडोज ठेवावं लागेल. एन१०० प्रोसेसरचे असे पीसी मिळतात आणि चालतातही, पण विंडोजला एकाच कामाचं यंत्र बनवणं म्हणजे मांजराला पोहायला शिकवणं. अपडेट कधी डोकं वर काढेल, नेम नाही.

माझी शिफारस 'मिक्स' नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरची. शोधताना नावाच्या शेवटी एकाऐवजी तीन एक्स टाका, नाहीतर भलतंच काही सापडेल. ते लिनक्सवर चालतं, एआरएमसाठी डेबियनच्या भांडारात तयार मिळतं, मिडी कंट्रोलर (नॉब-बटणांची हालचाल आकड्यांत पाठवणारं उपकरण) ओळखतं आणि २.३ आवृत्तीपासून रेकॉर्डबॉक्सने तयार केलेला यूएसबी ड्राइव्हही वाचतं. परवाना जीपीएल आहे. स्वतःसाठी पेटी बनवताना त्याचा विचार करायला नको, पण पेट्या विकायचं ठरवलंत तर सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या बदलांसह सोर्स कोड ग्राहकाला उपलब्ध करून द्यावा लागतो.

टाइमकोड तबकड्या (गाण्याऐवजी सुईची जागा सांगणारा संकेत कोरलेल्या) आणि टर्नटेबल वापरणाऱ्यांसाठी 'एक्सवॅक्स' आहे. अगदी हलकं, जवळजवळ रुक्ष, पण स्क्रॅचिंगला फार चपळ. टर्नटेबल जोडणार असाल तर साउंड कार्डाच्या आधी टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारा फोनो प्रीअँप लागेल, एवढं सांगून तो विषय सोडतो, कारण ती पेटीच निराळी होते.

बोर्ड कोणता? रास्पबेरी पाय ४ वर दोन डेक चालतात. पाय ५ वर ते आरामात चालतात, वर इफेक्टलाही जागा उरते. एमपी३ उलगडणं आजच्या प्रोसेसरला काहीच नाही. घाम फुटतो तो की-लॉकने, म्हणजे वेग बदलूनही सूर न बदलण्याच्या सोयीने. 'मिक्स'मध्ये त्यासाठी साउंडटच आणि रबरबँड असे दोन पर्याय आहेत. रबरबँडचा आवाज जास्त चांगला, पण खाणंही जास्त. पाय ४ वर साउंडटचच ठेवा.

दुसरं जड काम विश्लेषणाचं: बीट शोधणं, सूर ओळखणं, वेव्हफॉर्म काढणं. ते कार्यक्रमात चालू गाण्याच्या पाठीमागे होता कामा नये. सगळी गाणी घरीच एकदा विश्लेषणाला लावा आणि रात्रभर चालू द्या.

पायरी ३: आवाज

आता माझ्या 'टक्'बद्दल. चार आउटपुटचं कार्ड महाग वाटलं म्हणून मी दोन आउटपुटची दोन स्वस्त कार्डं घेतली, एक स्पीकरला आणि एक हेडफोनला. अल्सामध्ये (लिनक्सचा आवाज हाताळणारा मूळ थर) दोघांची मोट बांधून ते चार आउटपुटचं एकच कार्ड असल्याचा बहाणा केला. कागदावर दोन्ही ४४,१०० हर्ट्झची. पण प्रत्येक कार्डाचं स्वतःचं क्रिस्टल, म्हणजे ठेका देणारं घड्याळ, असतं आणि कोणतीही दोन क्रिस्टलं तंतोतंत सारखी नसतात. दोघांत दहा लाखांत ५० इतका फरक धरा, स्वस्त कार्डांत तो अगदी सहज असतो. म्हणजे सेकंदाला २.२ सॅम्पलची (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक मोजमाप) तफावत. माझा बफर, म्हणजे कार्डाला एका वेळी द्यायचा आवाजाचा घास, १२८ सॅम्पलचा होता. १२८ भागिले २.२, म्हणजे ५८ सेकंद. दर ५८ सेकंदांनी एक कार्ड दुसऱ्याच्या एक बफर पुढे निघून जायचं आणि 'टक्'. गणित कळल्यावर मी डोक्याला हात लावला.

तेव्हा एकच कार्ड घ्या आणि त्याला किमान चार आउटपुट असू द्या. कोणत्याही ड्रायव्हरशिवाय चालणारं, यूएसबी ऑडिओ क्लासच्या मानकाप्रमाणे बनवलेलं कार्ड लिनक्सला थेट समजतं. पायवर टोपीसारखे बसणारे डॅक (डिजिटल आवाज अॅनालॉग करणारे) बोर्ड मोहक असतात, पण त्यातल्या बहुतेकांवर एकच स्टिरिओ जोडी असते आणि हेडफोनवर पुढचं गाणं ऐकण्याची सोयच राहत नाही. आउटपुट शक्यतो बॅलन्स्ड (एकच सिग्नल सरळ आणि उलटा असा दोन तारांवर पाठवणारे) हवेत, त्याचं कारण विजेच्या पायरीत येईल. तसे असतील तर मागचा स्विच दोनऐवजी चार पोलचा लागेल.

कार्ड जोडल्यावर 'मिक्स'च्या साउंड हार्डवेअर पानावर जा आणि अल्सा थेट निवडा. मधे पल्सऑडिओ किंवा पाइपवायर नको. डेस्कटॉपवर अनेक प्रोग्रामचे आवाज एकत्र करायला ते उपयोगी आहेत, इथे एकच प्रोग्राम आवाज काढणार आहे. मुख्य आउटपुटला १-२, हेडफोनला ३-४. सॅम्पल रेट ४४,१०० किंवा ४८,०००. ९६ हजारांच्या मोहात पडू नका, प्रोसेसरचं काम दुप्पट होतं आणि गर्दीत कुणाला फरक कळत नाही.

आता बफर. यादीतले आकडे मिलिसेकंदांत दिसतात, पण त्यामागे सॅम्पल असतात. ४४,१०० ला ६४ सॅम्पल म्हणजे १.४५ मिलिसेकंद, १२८ म्हणजे २.९, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६. तुलनेसाठी लक्षात ठेवा: आवाजाला हवेतून तीन मीटर जायला जवळपास ९ मिलिसेकंद लागतात. म्हणजे मॉनिटर स्पीकर दोन पावलं जवळ ओढल्याने जे साधतं, त्यासाठी लोक बफर निम्मा करून पेटीला धाप लावतात. बीट जुळवून मिक्स करणाऱ्याला २५६ पुरेसा आहे. स्क्रॅच करणाऱ्याने १२८ वर यावं.

२५६ चा अर्थ असा की दर ५.८ मिलिसेकंदांनी कार्ड हात पुढे करतं आणि पुढचा घास तयारच लागतो. प्रोसेसर सरासरी २५ टक्केच वापरात आहे, या आकड्यावर समाधान मानू नका. दिवसभरात एकदाच एखाद्या फालतू कामाने त्याला ७ मिलिसेकंद अडवून धरलं, तर तेवढ्यापुरता आवाज तुटतो. त्याच साउंड हार्डवेअर पानावर बफर अंडरफ्लोचा, म्हणजे घास वेळेत न पोचल्याचा, मोजक असतो. तो शून्यावर राहिला पाहिजे, आणि राहत नसेल तर बफर वाढवण्याआधी पुढची पायरी करा.

आणखी एक बारीक गोष्ट, जी पहिल्या चालू-बंदमध्येच चटका देते. लिनक्स साउंड कार्डांना सापडतील त्या क्रमाने नंबर देतं. एचडीएमआयसुद्धा एक साउंड कार्ड म्हणून नाव नोंदवतं. आज तुमचं कार्ड एक नंबरचं, उद्या शून्य. एचडीएमआयचा ऑडिओ बूट सेटिंगमध्येच बंद करा आणि कार्डाला नंबराने न बोलावता नावाने बोलवा.

पायरी ४: लिनक्सला शिस्त

डेस्कटॉप बसवूच नका. सिस्टिमची छोटी आवृत्ती घ्या आणि तिच्यावर डिस्प्ले सर्व्हर आणि 'मिक्स' एवढंच ठेवा. ब्लूटूथ, प्रिंटरची सेवा, आपोआप होणारी अपडेट बंद. वाय-फायही बंद, कारण नेटवर्क शोधत बसण्याचा त्याचा छंद नेमका चुकीच्या वेळी उफाळतो.

प्रोसेसरचा गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) 'परफॉर्मन्स'वर ठेवा, नाहीतर काम कमी असताना प्रोसेसर पेंगतो आणि अचानक काम आलं की दचकून जागा होतो. यूएसबीचं ऑटो-सस्पेंड बंद करा. 'मिक्स' ज्या युजरखाली चालणार त्याला ऑडिओ गटात घाला आणि रिअल-टाइम प्राधान्य आणि मेमरी धरून ठेवण्याची परवानगी द्या.

रिअल-टाइम कर्नलसाठी, म्हणजे ठरल्या वेळेत काम उरकणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यासाठी, पूर्वी पॅच शोधत फिरावं लागायचं. २०२४ मध्ये, ६.१२ आवृत्तीपासून, तो भाग मूळ लिनक्समध्येच आला. कर्नल बांधताना पर्याय निवडला की झालं. २५६ च्या बफरला तो नसला तरी चालतं, ६४ ला मात्र हवाच.

काम झालं की नाही ते 'सायक्लिकटेस्ट'ने मोजा, प्रोसेसर कामाला किती उशिरा हजर होतो ते तो सांगतो. दोन्ही डेक चालू, की-लॉक चालू, आणि तासभर चाचणी. सरासरीकडे ढुंकूनही पाहू नका, सगळ्यात वाईट आकडा बघा. तो एका मिलिसेकंदाच्या आत असेल तर पुढे चला.

शेवटी 'मिक्स'ला सिस्टिमडीची (लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू-बंद करणारी यंत्रणा) सेवा बनवा: बूट होताच पूर्ण स्क्रीनवर सुरू आणि कोसळलं तर आपोआप पुन्हा सुरू.

पायरी ५: वीज, म्हणजे प्लग उपटणारे लोक

एका कार्यक्रमात कुणीतरी एक्स्टेंशन बोर्डातला माझा प्लग काढला आणि तिथे फोन चार्जिंगला लावला. पेटी अर्थातच गप्प. पुन्हा जोडली तर बूटच होईना, कारण प्लग निघाला तेव्हा सिस्टिम मेमरी कार्डावर काहीतरी लिहीत होती.

लॅपटॉपला बॅटरी असते, मिक्सरला नसते, आणि मिक्सर म्हटला की लोक स्विच बंद करून मोकळे होतात. हे गृहीत धरूनच बांधा. सिस्टिमचं विभाजन फक्त वाचण्यापुरतं ठेवा. रास्पबेरी पायच्या सेटिंगमध्ये 'ओव्हरले फाइल सिस्टिम' असा पर्याय आहे. तो चालू केला की जे काही लिहिलं जाईल ते रॅममध्ये जातं आणि वीज गेली की विरून जातं, मूळ कार्डाला धक्का लागत नाही.

पण मग 'मिक्स'ची लायब्ररी, क्यू पॉइंट (गाण्यांतल्या खुणा), सेटिंग्जही विरतील. त्यासाठी एक लहान वेगळं विभाजन करा, जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) ठेवणाऱ्या फाइल सिस्टिमचं, आणि 'मिक्स' सुरू करतानाच त्याला सेटिंग्जचा फोल्डर तिथे असल्याचं सांगा. गाण्यांचा ड्राइव्ह एक्सफॅट असला तर कुठल्याही कॉम्प्युटरवर भरता येतो, पण एक्सफॅटला जर्नल नसतं, म्हणून पेटीत तो फक्त वाचण्यासाठी जोडा. डेटाबेसच्या फाइलची प्रत दर वेळी बंद होताना आपोआप निघेल अशी एक ओळ टाकून ठेवा. मला ती दोनदा उपयोगी पडली आहे.

आता व्होल्टेज. पाय ५ ला ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. ३ अँपिअरचा लावलात तर बोर्ड चारही यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलीअँपिअरच देतो. त्यात साउंड कार्ड, ड्राइव्ह आणि कंट्रोलर भागत नाहीत. ५ अँपिअरवर ही मर्यादा १.६ अँपिअर होते. रंगीत दिवे वेगळ्या तारेवर घ्या: डब्ल्यूएस२८१२ जातीचा एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलीअँपिअरपर्यंत ओढतो, म्हणजे १६ पॅडचा जवळपास एक अँपिअर.

आणि तार जाड हवी. पेटीच्या आतल्या बारीक तारेचा आणि स्विचचा मिळून रोध ०.१ ओहम जरी भरला, तरी ४ अँपिअरला ०.४ व्होल्ट वाटेतच जातात. अधिकृत अडॅप्टरच्या ५.१ व्होल्टचे ४.७ उरतात आणि पाय कुरकुरायला लागतो. मल्टिमीटर अडॅप्टरच्या टोकाला न लावता बोर्डाच्या पिनवर लावा, सगळं चालू असताना.

अँप्लिफायरला जोडल्यावर घुमणारा आवाज किंवा माउस हलवल्यासारखी किरकिर येते ती ग्राउंड लूपची, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या ग्राउंडमधून फिरणाऱ्या नकोशा प्रवाहाची. बॅलन्स्ड आउटपुटने बराचसा त्रास जातो, उरलेला ऑडिओ ट्रान्सफॉर्मरने. प्लगची अर्थिंगची पिन काढणं हा उपाय नाही, ते जिवावरचं काम आहे. मेन्सची वीज पेटीत आणूच नका, तयार अडॅप्टर बाहेर राहू द्या.

पायरी ६: हाताखालचं काम

फेडर आणि नॉब थेट पायला जोडता येत नाहीत, कारण त्याला अॅनालॉग इनपुट नाही. मधे एक मायक्रोकंट्रोलर घाला आणि तो यूएसबीवरून मिडी कंट्रोलर म्हणून दिसू द्या. हेच काम अॅनालॉग वाचणाऱ्या चिपांनी पायच्या पिनांवरही होतं, पण वेगळ्या मायक्रोकंट्रोलरचा मोठा फायदा असा की हा अर्धा भाग लॅपटॉपला जोडून स्वतंत्रपणे तपासता येतो. मी टीन्सी ४.१ वापरतो.

दोन डेकचा हिशेब मांडा. प्रत्येक डेकला व्हॉल्यूम, पिच (गाण्याचा वेग), तीन इक्वलायझर, गेन आणि फिल्टर: सात. दोन्हींचे चौदा. वर क्रॉसफेडर, मुख्य व्हॉल्यूम, हेडफोन व्हॉल्यूम, हेडफोन मिक्स. एकूण अठरा. सीडी७४एचसी४०६७ या मल्टिप्लेक्सरला, म्हणजे अनेक इनपुट आळीपाळीने एका पिनेवर आणणाऱ्या चिपला, सोळा वाटा असतात. दुसरा मल्टिप्लेक्सर आणायची गरज नाही: दोन्ही पिच फेडर आणि क्रॉसफेडर थेट टीन्सीच्या पिनांना लावा, त्यांना तसाही मान जास्त हवा. उरलेले पंधरा मल्टिप्लेक्सरवर. वाट बदलल्यावर पहिलं वाचन फेकून द्या, नाहीतर शेजारच्या नॉबची सावली पडते.

सगळे पोटेन्शिओमीटर १० किलोओहमचे आणि लिनिअर घ्या, व्हॉल्यूमचेसुद्धा. वक्र सॉफ्टवेअरमध्ये देता येतो. मधल्या पायावर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला. आणि पुरवठा ३.३ व्होल्टचाच, कारण टीन्सी ४.१ च्या पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत. मी एक जाळली आहे.

पिच फेडरपाशी थोडं थांबू. साध्या मिडी संदेशात १२८ पायऱ्या असतात. रेंज अधिक-उणे ८ टक्के ठेवली तर १६ टक्के त्यात वाटले जातात, एक पायरी ०.१२६ टक्क्यांची. हवा तो वेग दोन पायऱ्यांच्या बरोबर मधे पडला, तर चूक ०.०६३ टक्के राहते. एका मिनिटात ती ३८ मिलिसेकंद होते. दोन किक ड्रम इतके सरकले की घोडा टापा टाकतोय असं ऐकू येतं, आणि फेडर कितीही हळू हलवला तरी मधली जागा सापडतच नाही. लोक स्वतःच्या कानाला दोष देत बसतात.

उपाय १४ बिटच्या संदेशाचा: एका कंट्रोल नंबरवर वरचे सात बिट, त्यात ३२ मिळवून येणाऱ्या नंबरवर खालचे सात. मिडीच्या मानकातच ही जोडी आहे आणि 'मिक्स'ला ती समजते. फेडरचं वाचन १२ बिटचं ठेवा. शेवटचे एकदोन बिट थरथरतात, म्हणून सोळा वाचनांची सरासरी घ्या आणि बदल ठरावीक उंबरठ्यापुढे गेला तरच संदेश पाठवा. खरे १० बिट जरी हाती लागले तरी तीच चूक मिनिटाला ५ मिलिसेकंदांच्या आत येते. फेडरच्या मधोमध थोडी मृत जागा ठेवा, म्हणजे शून्य टक्के खरंच शून्य येईल. वेग आपोआप जुळवणाऱ्या सिंक बटणावर जगणाऱ्यांनी हा परिच्छेद वाचला नाही तरी चालेल.

जॉगसाठी फेरीला ६०० पल्स देणारा ऑप्टिकल एन्कोडर (फिरणं मोजणारा भाग) घ्या. दोन्ही वाहिन्यांच्या चारही कडा मोजल्या की २,४०० होतात. ३३⅓ च्या गतीने तबकडीची फेरी १.८ सेकंदांची, म्हणजे एक मोजणी पाऊण मिलिसेकंद गाण्याची. फेरीला २४ टप्पे देणारा साधा नॉबचा एन्कोडर लावाल तर एक टप्पा ७५ मिलिसेकंदांचा होईल आणि स्क्रॅच करताना जिना उतरल्यासारखं वाटेल. ६०० पल्सचे असे औद्योगिक एन्कोडर बहुधा ओपन कलेक्टर असतात, म्हणजे आउटपुटला स्वतः व्होल्टेज देत नाहीत, फक्त ग्राउंडला ओढतात. पुरवठा ५ व्होल्टचा द्या, पण पुल-अप रोधक ३.३ व्होल्टला बांधा.

प्रत्येक मोजणीला एक संदेश पाठवू नका. दर मिलिसेकंदाला साठलेला फरक एकाच संदेशात द्या, ६४ हा मध्य धरून. बोट टेकल्याचं ओळखायला टीन्सी ४.१ मध्ये सोय नाही. त्यासाठी एमपीआर१२१ चिप वापरा किंवा सरळ एक बटण ठेवा.

पायरी ७: मॅपिंग

साधी बटणं आणि नॉब 'मिक्स'च्या लर्निंग विझार्डने जोडा: पडद्यावरचं बटण निवडा, पेटीवरचं दाबा, झालं. जॉगला मात्र जावास्क्रिप्टच्या चार ओळी लागतात. बोट टेकलं की स्क्रॅच चालू करणारं फंक्शन बोलवायचं आणि त्याला डेकचा नंबर, फेरीतल्या मोजण्या २,४००, गती ३३⅓ आणि जॉगची हालचाल गुळगुळीत करणारे अल्फा, बीटा हे दोन आकडे द्यायचे. अल्फा एक अष्टमांश आणि बीटा त्याचा बत्तिसावा भाग इथून सुरुवात करा. जॉग रबरी वाटला तर अल्फा वाढवा, थरथरला तर कमी करा. पुढे हाताला जे पटेल ते.

नॉबसाठी सॉफ्ट टेकओव्हर चालू ठेवा. नाहीतर नॉब एका जागी, सॉफ्टवेअरमधली किंमत दुसरीकडे, आणि हात लावताच आवाज उडी मारतो. क्रॉसफेडरचा वक्र मिक्सिंगसाठी कॉन्स्टंट पॉवर ठेवा, म्हणजे मध्यावर दोन्ही गाणी ३ डेसिबलने खाली येतात आणि एकूण जोर सारखा राहतो.

पायरी ८: स्क्रीन आणि पेटी

आता स्क्रीन. ८०० गुणिले ४८० वर 'मिक्स'च्या स्किन (पडद्यावरच्या मांडण्या) मावत नाहीत, १२८० गुणिले ८०० घ्या. वेव्हफॉर्मचा फ्रेम रेट ३० वर आणा, डोळ्यांना पुरतो. टचस्क्रीनचं काम गाणं निवडण्यापुरतं राहू द्या. निवडायला एक दाबता येणारा नॉब दिलात तर तेही नको, घामट बोटांना स्क्रीन ऐकत नाही.

पेटी लाकडी चालते, वरची पट्टी अॅल्युमिनियमची. भोकं पाडण्याआधी पट्टीचा पुठ्ठा कापा, फेडर त्यात खोचा आणि आठवडाभर त्यावर हात फिरवा. माझा पहिला हेडफोन नॉब क्रॉसफेडरच्या इतका जवळ होता की कट मारताना मनगट त्यावर घासायचं. ते पुठ्ठ्यावर कळलं.

रास्पबेरी पायचा प्रोसेसर ८० अंश सेल्सिअसला वेग कमी करायला लागतो. बंद पेटीत, प्रकाशझोताखाली, ते अवघड नाही. हीट सिंक अॅल्युमिनियमच्या पट्टीलाच भिडवलात तर पंखा लागत नाही.

पायरी ९: छळ

पेटी बंद करण्याआधी तिला छळा. दोन्ही डेक सहा तास चालू ठेवा आणि मग अंडरफ्लोचा आकडा बघा. गाणं वाजत असताना गाण्यांचा ड्राइव्ह उपटा, काय होतं ते माहीत असलेलं बरं. सगळे दिवे पूर्ण पेटवा आणि पिनांवरचं व्होल्टेज मोजा. शेजारी मोबाइल ठेवा आणि फोन करा, अनशिल्डेड तारा तिथेच चुगली करतात. आणि चालू गाण्यात प्लग काढा, पुन्हा जोडा, घड्याळ लावून बघा: स्विचपासून पहिल्या आवाजापर्यंत किती सेकंद. हे वीस वेळा. एकविसाव्यांदाही बूट झाली तर ओव्हरले नीट बसलंय.

मग मेमरी कार्डाची तंतोतंत प्रत दुसऱ्या कार्डावर काढा, ती एकदा बूट करून बघा आणि पेटीतच ठेवा. माझ्या पेटीत ते कार्ड झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावलेलं आहे आणि शेजारी एक छोटा स्क्रूड्रायव्हर.